मासोळीच्या ढिगावरची चिठ्ठी

मासोळीचे ढीग वाटणं हे कोणाही माणसाच्या हातचं काम नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो, आणि पुऱ्यातल्या लोकांनाही तसंच समजू दिलं होतं.

आमचं गाव कुरखेड्याच्या बाजूला. गावाला धानाची शेती आहे, जंगल आहे आणि जुनं मोठं तळं आहे. शेती ज्यांची त्यांची, पण तळ्याची मासोळी आम्हा ढिवरपुऱ्याची, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या वस्तीची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सारा पुरा एकाच दिवशी जाळी घेऊन पाण्यात शिरतो. कोणाच्या जाळ्यात काय लागलं ते कोणी पाहत नाही. सारी मासोळी पाळीवर, तळ्याच्या बांधावर, आणून ओतायची, पळसाची पानं अंथरायची आणि घरागणिक एकेक ढीग लावायचा. ज्या ढिगावर मरळ मोठी पडली तिथले झिंगे कमी करायचे, ज्यात वाम नाही तिथे रोहू जास्त टाकायची. तरी ढीग सारखे होत नाहीत. मासोळी म्हणजे काही भट्टीतली वीट नाही.

म्हणून पुढचं काम नशिबावर सोडतात. प्रत्येक घर आपली एक खूण देते. कोणी मोहाचं पान देते, कोणी कुड्याची काडी, कोणी बांगडीचा तुकडा, कोणी बिडीचं थोटूक. या खुणा टोपलीत गोळा होत असतात तेव्हा वाटणारा माणूस तळ्याकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून एका सपाट दगडावर बसतो. कोणती खूण कोणाची हे त्याला कळता कामा नये. मग तो उठतो, टोपली काखेत घेतो आणि ढिगाढिगावर एकेक खूण टाकत जातो. ज्याची खूण त्याचा ढीग. त्यावर बोलायचं नाही.

हा वाटणारा माणूस मी होतो. माझ्या आधी माझा बाप होता. मी दगडावरून उठलो की पोरंसुद्धा गप्प बसायची. मी मुद्दाम हळू चालायचो. एखाद्या मोठ्या ढिगापाशी थांबायचो, टोपलीत हात घालून ठेवायचो, आभाळाकडे पाहायचो. त्याची काही गरज नव्हती. पण लोकांचा श्वास अडकलेला पाहायला मजा येते, आणि वर्षातून अशी संधी कितीदा मिळणार. चहा आला तर पहिला कप माझा. ही इज्जत गावच्या सरपंचालाही नव्हती. सरपंच बोलत असताना लोक खोकतात तरी.

आता माझ्या शिक्षणाचं. मी पहिली शिकलो, तीही अर्धी. शाळेच्या खिडकीतून तळं दिसत होतं, हा शाळा बांधणाऱ्याचा दोष. मास्तर फळ्यावर अक्षर काढायचे आणि तिकडे माझा बाप डोंग्यात उभा राहून जाळं फेकायचा. जाळं हवेत गोल उघडताना ज्यानं एकदा पाहिलं, त्याला फळा कसा दिसावा? एक दिवस मी खिडकीतून उडी मारली आणि मग शाळेत गेलो तो मतदानालाच.

त्याचं मला वाईट वाटलं नाही. सही करणाऱ्या माणसांकडे पाहून मी म्हणायचो की सही कोणीही कोणाची मारते, अंगठा मात्र ज्याचा त्याचाच. आणि झालंही तसंच. आता रेशनच्या दुकानात शिकलेला असो की नसो, सगळ्यांना यंत्रावर अंगठाच ठेवावा लागतो. शाळेचे गुरुजीदेखील माझ्यामागे रांगेत उभे राहून अंगठा पुसत असतात. फक्त माझ्या अंगठ्याच्या रेषा जाळ्याच्या दोरीनं झिजून गेल्या आहेत, त्यामुळे यंत्राला तो ओळखू येत नाही. दुकानदार म्हणतो, अजून एकदा ठेवा, अजून एकदा ठेवा. मी त्याला म्हटलं, एवढ्या महागाच्या यंत्राला माझा अंगठा वाचता येत नाही, आणि मी न वाचणारा म्हणून तुम्ही मलाच हसता.

असं सगळं सुखात चाललं असताना गावात प्रौढांचा वर्ग सुरू झाला. सरकारची योजना होती. शिकवणारा स्वयंसेवक पायजे होता, आणि बारावी झालेली, दुपारी मोकळी असलेली बाई म्हणून गुरुजींनी नेमकी माझ्या सुनेला धरलं. दुपारची जेवणं झाली की शाळेच्या वऱ्हांड्यात पुऱ्यातल्या बायका जमायच्या. सर्वात पुढे आमची बुढी, म्हणजे माझी बायको. जन्मभर जिनं मला सोडून कोणाचं ऐकलं नाही, आणि माझंही क्वचितच ऐकलं, ती आता सुनेसमोर पाटी घेऊन बसू लागली.

सून मलाही म्हणाली, "मामाजी, तुमीबी येत जा ना."

"मी कायले येऊ? मले काय आता नोकरी लागनार हाय?"

ती हसली आणि गेली. पण गुरुजींनी सोडलं नाही. त्यांनी गावात एक सभा घेतली आणि सांगितलं की हे काम फक्त आपल्या जिल्ह्यात नाही, साऱ्या जगात चालू आहे. देशोदेशी लोक म्हाताऱ्या माणसांना अक्षरं शिकवत आहेत, कारण वाचता न येणाऱ्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनी जगावं लागतं. मी मागून विचारलं, की मग साऱ्या जगात तळ्याकाठचा एखादा माझ्यासारखा असेलच, त्यालाही तुम्ही लोक सोडत नाही का? गुरुजी म्हणाले, त्याला तर मुळीच सोडत नाही. सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, त्या दूरदेशच्या म्हाताऱ्याचं खरं नाही.

त्या वर्षीच्या वाटणीत एक भांडण झालं. दोन घरांनी एकाच छापाच्या बिडीची थोटकं दिली होती. एक थोटूक चांगल्या ढिगावर पडलं, दुसरं भिकार ढिगावर. दोन्ही घरच्या बायका एकाच ढिगाची पानं दोन बाजूंनी ओढू लागल्या. रोहू मधल्या मधे घसरून पुन्हा तळ्यात गेली. ती मेलेली होती, तरी मला वाटलं की जाताना तिनं शेपटी हलवली.

मग बायकांनीच ठरवलं की आता काड्या नको, थोटकं नको. आता लिहिता येते. प्रत्येक घरानं नावाची चिठ्ठी टाकायची. कागदाचा पाळीवर टिकाव लागत नाही. ओल्या हातात त्याचा लगदा होतो आणि घडी केली तर वारा घेऊन जातो. म्हणून साबणाच्या खोक्याचे जाड तुकडे कापले आणि त्यावर पेनानं नावं लिहिली. नावं कोणाची? ज्या लिहिणाऱ्या, त्यांची. बायका वर्गात आधी स्वतःचं नावच शिकल्या होत्या. त्यामुळे चिठ्ठीवर घरधन्याचं नाव नाही, घरधनिणीचं. पुरुषमंडळींनी थोडी कुरकुर केली. सून म्हणाली, ज्याला आपलं नाव पायजे त्यानं वर्गात येऊन लिहायला शिकावं. कुरकुर थांबली.

पुढच्या वाटणीला मी नेहमीसारखा दगडावर पाठ करून बसलो, तेव्हा माझा शेजारी बोलला. हा शेजारी माझ्या वयाचा. आमच्या घरांची वळचण एक आहे आणि भांडणही लहानपणापासूनचं एकच आहे: मोठा कोण. तो चौथी पास. सदऱ्याच्या खिशाला पेन लावतो आणि त्या पेनानं पाठ खाजवतो. माझ्या दगडावर त्याचा डोळा फार जुना.

तो म्हणाला, "पाठ कायले फिरवते गा? नाव तर चिठ्ठीवरच लिवलं हाय. टाकनाऱ्यानं वाचलं का झाली वाटनी."

त्याचं म्हणणं खरं होतं. मग एक बाई म्हणाली, "पन यायले कुठी वाचता येते?"

आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खरंच की. पोरं शाळेत जातात, सुना दहावी-बारावी, बायका वर्गात, चार पुरुष जुने चौथी-पाचवी, उरलेले पोरांजवळ बसून अक्षरं शिकलेले. चिठ्ठी हातात घेऊनही ज्याला ती कोणाची ते कळणार नाही, असा भरवशाचा माणूस साऱ्या पुऱ्यात मी एकटा उरलो होतो. बाकीचे एक-दोन अंगठेवाले होते, पण एकाला दिसत नव्हतं आणि दुसरा सदा दारू घेऊन असायचा. शेजाऱ्याची चौथी त्यालाच आडवी आली. मी त्याच्याकडे पाहिलं आणि उगाच त्याच्या खिशातल्या पेनाकडे बोट करून विचारलं, की आता हा कोणत्या कामाचा. त्यानं पेन खिशात आणखी खाली ढकलला. त्या दिवशी मी नेहमीपेक्षाही हळू चाललो.

अशा रीतीनं गावात साक्षरता आली आणि माझा भाव वाढला.

थोड्या दिवसांनी गुरुजी मला न्यायला घरीच आले. त्यांना अख्खा पुरा परीक्षेला बसवायचा होता, आणि एक मी अडून होतो. मी खाटेवर जाळं विणत बसलो होतो. मला बोलावंच लागलं नाही. पुऱ्यातली माणसं गोळा झाली आणि त्यांनीच गुरुजींना अडवलं.

"गुरुजी, बाकी कोनालेबी न्या, या बुढ्याले सोडा. हा आमाले असाच लागते."

"म्हणजे एक माणूस तुम्ही मुद्दाम अडाणी ठेवणार?"

"ठेवनार नाई गुरुजी. हाये तसा ऱ्हाऊ देनार."

गुरुजी माझ्याकडे असे पाहू लागले, जसं देवाच्या नावानं सोडलेल्या सांडाकडे पाहतात. खायला घालतात, नांगराला जुंपत नाहीत, आणि कोणी हाकलतही नाही. मी मान हलवली आणि जाळ्याची गाठ मारली. सांडाला त्यात काही वाईट वाटत असेल असं मला तरी वाटत नाही.

पण एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, सुरुवातीला माझ्याही नाही. आमची बुढी घरी अभ्यास करायची. वही तिला पुरायची नाही, म्हणून चुलीतला कोळसा घेऊन ती परसातल्या भिंतीवर अक्षरं काढायची. हातभर उंचीची अक्षरं. आणि अक्षर काढताना ते मोठ्यानं म्हणायची. माझी खाट त्याच भिंतीसमोर. मी जाळं विणायचो, मान वर केली की समोर भिंत. डोळे मिटले तर कान उघडे. मी तिला म्हटलं, भिंत काळी करू नको. ती म्हणाली, पावसात धुऊन निघेल. पाऊस लांब होता.

मासोळी जाळ्यात शिरते तेव्हा तिला वाटते की आपण पोहत आहोत. माझंही तसंच झालं. एक दिवस मी औषध आणायला कुरखेड्याला गेलो होतो. स्टँडवर एका जागी रोज आरमोरीची गाडी लागते, म्हणून मी काही न पाहता तिच्याजवळ उभा होतो. एका अनोळखी बाईनं विचारलं, "भाऊ, हे गाडी कुठी जाते?" आणि माझ्या तोंडून निघालं, "वडसा."

मी दचकलो. आरमोरी म्हणणार होतो, वडसा म्हटलं. वर पाहिलं. पाटीवर आमच्या परसातल्या भिंतीवरचा व बसलेला होता, त्याच्या शेजारी ड, आणि मग सा. तिन्ही अक्षरं माझ्याकडे अशी पाहत होती जसे उधळलेले बैल धन्याला पाहून थांबतात. बाई गाडीत चढली. कंडक्टरनं वडसा म्हणून हाक मारली तेव्हा मला घाम फुटला.

मग दिवसभर मला चैन पडेना. औषधाच्या दुकानाची पाटी, भिंतीवरची जाहिरात, खताच्या पोत्यावरचं नाव, सगळं आपोआप बोलू लागलं. जोडाक्षर आलं की गाडी अडायची, पण बाकी सगळं फडफड सुरू. जन्मभर त्या रस्त्यानं गेलो, तिथे इतका गोंगाट आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि खरं सांगतो, औषधाचं पाकीट डोळ्यांशी धरलं तर त्यावर 'जेवणानंतर' लिहिलेलं होतं. मी ते औषध कितीतरी दिवस उपाशीपोटी घेत होतो आणि पोटात जळते म्हणून डॉक्टरला नावं ठेवत होतो.

आनंद झाला. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. पण सांगितलं की दगड गेला. मी वाचतो हे पुऱ्याला कळलं त्या क्षणी मी टोपली काखेत घेणारा राहणार नव्हतो. म्हणून गप्प राहिलो. घरी आलो की भिंतीकडे पाठ करून बसायचो. बुढी म्हणाली, खाट उलटी काऊन केली? मी म्हटलं, डोळ्यावर ऊन येते. तिथे कधीच ऊन येत नाही.

उन्हाळा आला. तळं उतरलं. त्या वर्षी मासोळी चांगली लागली. एक मरळ तर अशी निघाली की दोघांनी धरून आणली, आणि ज्या ढिगावर ती ठेवली त्यात बाकी काही टाकायची गरजच राहिली नाही. सगळ्यांचे डोळे त्या ढिगावर. मी दगडावर पाठ करून बसलो. आता पाठ फिरवण्यात काही अर्थ नव्हता, पण रिवाज म्हणून बसलो आणि मनाशी ठरवलं की चिठ्ठीकडे पाहायचंच नाही. आभाळाकडे पाहायचं आणि टाकत जायचं. आधीपासून सवय होतीच.

पहिले ढीग तसेच गेले. मी आभाळाकडे पाही आणि चिठ्ठी सोडी. लोकांना वाटलं, बुढा आज फारच टेचात आहे. पण चिठ्ठी ढिगावर नीट पडली की नाही ते तरी पाहावं लागतेच. मरळीच्या ढिगापाशी आलो, टोपलीत हात घातला, चिठ्ठी काढली, आणि ती मासोळीवरून घसरू नये म्हणून एक क्षण खाली पाहिलं.

तिच्यावर आमच्या बुढीचं नाव होतं.

आता वाचकहो, यात गैर काय, असं तुम्ही म्हणाल. चिठ्ठी आपोआप हातात आली. कोणाची ते न पाहता काढली. टाकायची आणि पुढे जायचं. मीही तेच स्वतःला सांगितलं. पण हात काही खाली जाईना. चिठ्ठी टाकली तर सगळ्यात मोठी मरळ वाटणाऱ्याच्याच घरी गेली, आणि तीही वाचून. नाही टाकली, दुसरी काढली, तरी वाचूनच हात फिरवला. दोन्हीकडून माझाच हात. कालपर्यंत या हातात कोणाचंही नाव आलं तरी तो मोकळा होता. आज त्याला दिसू लागलं होतं, आणि डोळे उगवलेल्या हाताला आता बांधून ठेवायचं कसं? चुपचाप टाकून दगड राखता आला असता. कोणाला काहीच कळलं नसतं. पण माझ्या बापाच्या जागेवर बसून मला स्वतःवरच नजर ठेवावी लागेल, हे काही मला जमणारं नव्हतं. मी अडाणी होतो, चोर नव्हतो.

बुढी समोरून म्हणाली, "टाका ना. कायले उभे ऱ्हायले?"

मी म्हटलं, "हे चिठ्ठी आपल्या घरची हाय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. शेजारी पुढे आला. "कशावरून?"

"वाचलं."

"काय वाचलं?"

आता मोठी पंचाईत झाली. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात एकदा लोकांनी दार अडवून घ्यायला लावलं होतं, तेवढंच. त्यानंतर 'वो', 'ऐकते का', आणि पोरं झाल्यावर पोरांच्या नावानं. पण आता साऱ्या पुऱ्यासमोर सांगणं भाग होतं. मी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि अक्षर अक्षर फोडून तिचं नाव वाचलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. बुढी खाली मान घालून पायाच्या बोटानं माती उकरू लागली. त्या वयात तिला तसं करताना पाहून मला हसू येत होतं, पण ती वेळ हसण्याची नव्हती.

शेजाऱ्याचा विश्वास बसेना. त्यानं टोपलीतून दुसरी चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. "हे वाच."

मी तीही वाचली. ती त्याच्या बायकोची निघाली. मी तिचं नाव अगदी हळू, प्रत्येक अक्षर चाखत घेतलं. एक जोडाक्षर होतं, त्यावर जरा थांबलो आणि पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. ती हसत बसली. शेजाऱ्यानं चिठ्ठी हिसकावली आणि पुरे म्हणाला.

मग कालवा सुरू झाला. कोणी म्हणे, मागच्या वाटणीलाही हा वाचतच असेल. मी सांगितलं की मागच्या वाटणीला माझ्या घरी झिंगे आले होते, वाचून कोणी झिंगे घेते का? ते लोकांना पटलं. कोणी म्हणे, ही चिठ्ठी परत टोपलीत टाका. कोणी म्हणे, आता वाटणीच रद्द करा. मी म्हटलं की ती मरळ मला नको. सरळ सांगतो, त्यात थोडा तोरा होता. एवढी मोठी मरळ सोडणारा माणूस आपण, असं मनात आलंच.

तेव्हा बुढीनं मान वर केली.

"तुमाले नको असन. पन नाव माहं हाय. वाचलं तुमी, मी काऊन सोडू?"

बायकांनी एका सुरात हो म्हटलं. चिठ्ठी तिची, अक्षर तिचं, चूक असलीच तर माझी. मी टोपली काखेत धरून उभा, आणि माझ्याच घरातून माझ्यावर फिर्याद. शेजारी इतका खुश झाला की त्यानं पेन काढून पाठ खाजवली.

पण बुढीनं मरळीला हात लावला नाही. ती उठली, माझ्या काखेतली टोपली घेतली, आधी पडलेल्या चिठ्ठ्याही ढिगांवरून उचलून त्यात टाकल्या, नावं खाली करून हातानं चांगल्या मिसळल्या. मग एक चिठ्ठी काढून लोकांना दाखवली, नावाची बाजू खाली आणि कोरी बाजू वर.

"अशा उलट्या टाकायच्या. टाकनारा शिकला असन तरी काय दिसते?"

पाळीवर जी शांतता पसरली तशी माझ्या चालण्यानंही कधी पसरली नव्हती. साधी गोष्ट. साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्याला दोन बाजू. एवढ्यासाठी अख्ख्या पुऱ्यानं एक माणूस अडाणी म्हणून पाळला होता, गुरुजींशी भांडण घेतलं होतं, आणि तो माणूसही छाती काढून फिरला होता. कोणी कोणाकडे पाहीना. सून तेवढी दुसरीकडे तोंड करून हसत होती.

बुढीनंच मग पाठ फिरवली, टोपलीत हात घातला आणि चिठ्ठ्या उलट्या टाकत गेली. थांबली नाही, आभाळाकडे पाहिलं नाही. पाहता पाहता काम संपलं. मग सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या उलटवल्या. मरळ शेजाऱ्याकडे गेली. त्यानं ती खांद्यावर घेऊन मुद्दाम माझ्यासमोरून दोनदा फेरी मारली. आमच्या चिठ्ठीखाली झिंगे होते.

संध्याकाळी बुढीनं त्याच झिंग्यांत अंबाडीची भाजी केली. मी जेवत नव्हतो. मी तिला विचारलं की उलट्या टाकायचं हे तिला तिथे उभ्या उभ्या सुचलं का.

"नाई. पयल्याच वाटनीले ध्यानात आलं होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी इतले टेचात चालत होते. म्हटलं, चालू द्या अजून."

मी भाकरीचा तुकडा मोडला. मग ती म्हणाली, की भिंतीवर ती हातभर अक्षरं उगाच काढत नव्हती. तिची नजर चांगली आहे, तिला लहान अक्षरंही दिसतात. नजर कोणाची अधू आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे. बोलण्यासारखं होतं, पण तोंडात अंबाडी होती.

"आनखी एक हाय," ती म्हणाली. "त्या दगडावर मलेबी एकदा बसायचं होतं."

आता वाटणीला पाळीपाळीनं माणूस ठरतो. शेजाऱ्याचीही पाळी येते. तो दगडावर बसतो तेव्हा फार वेळ लावतो. त्यावर मी काही बोलत नाही.

त्या वाटणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेच्या वऱ्हांड्यात गेलो. खुर्ची एकच होती, तिच्यावर बसू लागलो तर सून म्हणाली, मामाजी, ती बाईंची. मी इकडे तिकडे पाहिलं, की बाई कोण. मग समजलं. खाली सतरंजीवर बायकांमध्ये कोणी जागा देईना. शेवटी बुढीनं थोडं सरकून दिलं. सुनेनं फळ्यावर एक लांब शब्द लिहिला आणि सगळ्यांना न पाहता वहीत लिहायला सांगितलं. मला पहिलं अक्षर आठवलं, दुसरं आठवलं, तिसऱ्याला गाडी अडली. मी हळूच बाजूला पाहिलं.

बुढीनं वहीवर पदर ओढून घेतला होता.